होम सर्व्हरची नोंद: कॅपिटल 'डी'पाशी अडलेला मायएसक्यूएल

विंडोजवरचा मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस सर्व्हर लिनक्सवर हलवायचं काम या आठवड्यात हाती घेतलं. आधी डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाइलमधली प्रत, काढून ठेवला, सर्व्हर नीट बंद केला, डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या डिस्कवर कॉपी केली आणि तिची मालकी मायएसक्यूएल युजरला दिली. सर्व्हिस सुरू केली, तर ती लगेच बंद पडली.

लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीचा स्टेटस फक्त 'फेल्ड' एवढंच सांगतो, खरं कारण एरर लॉगमध्ये असतं. तिथे लिहिलं होतं: डिरेक्टरीत जाता येत नाही, एररनो (एररचा क्रमांक) २. मी परमिशनवर संशय घेऊन अख्खी संध्याकाळ चमॉड कमांडने परमिशन बदलण्यात घालवली. परमिशनची अडचण असती तर एररनो १३ आला असता. २ म्हणजे त्या नावाचं तिथे काही नाहीच. हा फरक आधीच लक्षात घ्यायला हवा होता.

शेवटी नेमआय कमांड पूर्ण पाथवर चालवली. ती पाथचा एकेक तुकडा वेगळ्या ओळीवर दाखवते, त्यामुळे घोळ शेवटच्या तुकड्यात आहे हे लगेच कळलं. विंडोजवर या फोल्डरचं नाव 'डेटा' असतं, कॅपिटल डी. लिनक्सवर मी फोल्डर स्मॉल डीने बनवला होता, पण कॉन्फिगमध्ये डेटाडिरची, म्हणजे डेटा कुठे आहे ते सांगणारी, ओळ लिहिताना जुन्या फाइलमधलं कॅपिटल डी तसंच आलं. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टमवर एरवी ही दोन्ही नावं एकच धरली जातात, लिनक्सच्या ईएक्सटी४वर नाही. ओळ दुरुस्त केली. उबुंटूवर अ‍ॅपआर्मरच्या (कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइल वापरू शकतो ते ठरवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेच्या) प्रोफाइलमध्येही नवा पाथ द्यावा लागतो आणि तिथेही अक्षर न अक्षर जुळावं लागतं.

पुन्हा सुरू केला, तर आता वेगळीच एरर: सर्व्हरचं लोअर_केस_टेबल_नेम्स ०, डेटा डिक्शनरीचं (टेबलांची माहिती ठेवणाऱ्या अंतर्गत नोंदीचं) १. टेबलांच्या नावांत कॅपिटल-स्मॉलचा फरक धरायचा का, ते ही सेटिंग ठरवते: ० म्हणजे धरायचा, १ म्हणजे नाही. लिनक्सवर डिफॉल्ट ० असतं, विंडोजवर १, मॅकवर २. आवृत्ती ८.० पासून ही किंमत डेटा डिरेक्टरी पहिल्यांदा तयार होताना ठरते, मग बदलता येत नाही. म्हणून डेटा ज्या किमतीवर जन्मला तीच सर्व्हरला द्यायची. कॉन्फिगमध्ये मायएसक्यूएलडीच्या (सर्व्हर प्रोग्रॅमच्या) भागात १ लिहिलं आणि सर्व्हर उठला. टेबलं सगळी जागेवर होती. तो क्षण फार सुखाचा!

डिरेक्टरी नव्याने इनिशियलाइझ करून ० वर डम्प भरणं हाही मार्ग होता. पण माझ्या जुन्या क्वेरींमध्ये एकाच टेबलाचं नाव कुठे कॅपिटलने, कुठे स्मॉलने लिहिलेलं आहे. ० वर त्यातल्या निम्म्या 'टेबल सापडत नाही' ही एरर (क्रमांक ११४६) देत बसल्या असत्या. त्यामुळे १ च ठेवतोय. आता बॅकअपच्या स्क्रिप्टमधले पाथ तपासायचे आहेत, तेही विंडोजवरच लिहिलेले आहेत.