स्प्लिट ते कोटोर : एड्रियाटिक समुद्राच्या काठाकाठाने

क्रोएशिया, बॉस्निया, मॉन्टेनेग्रो हे तीन देश नकाशावर एकमेकांना इतके खेटून आहेत की बसमध्ये बसलं आणि निघालं असं वाटतं. पण आधी व्हिसा नीट बघा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, बाकीचे दोन नाहीत. त्यामुळे मॉन्टेनेग्रोत जाऊन परत क्रोएशियात यायचं असेल, तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा. असा व्हिसा असला की आपल्या पासपोर्टवर त्या दोन देशांत थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. तरी निघायच्या आधी दूतावासाच्या साइटवर ताजा नियम बघून घ्या.

आम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलो. जाताना एका शहरात उतरायचं आणि परतीचं विमान दुसऱ्याच शहरातून घ्यायचं, म्हणजे तोच रस्ता पुन्हा कापावा लागत नाही. रेल्वे स्प्लिटपर्यंतच येते, दुब्रोवनिकला रेल्वे नाही. पुढे बस आणि बोट. दक्षिणेकडे जाताना बसमध्ये उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्याच बाजूला असतो. डिकीत बॅग ठेवायचे एक-दोन युरो वेगळे द्यावे लागतात, त्यासाठी नाणी खिशात असू द्या.

स्प्लिटला किमान दोन रात्री राहाच. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. ३०० च्या सुमारास निवृत्तीसाठी बांधलेला राजवाडा हेच इथलं जुनं गाव. सातव्या शतकात शेजारच्या सलोना शहरातले लोक आश्रयाला आत शिरले, आणि तेव्हापासून वस्ती मोडलेली नाही. खांबांच्या मधल्या भिंतींना खिडक्या फुटल्यात, वर दोरीवर कपडे वाळत असतात. ज्या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्याच्याच समाधीचं पुढे कॅथेड्रल झालं, आणि त्याच्या काळात मारले गेलेले बिशप डोम्नियस तिथे संत म्हणून पूजले जातात. दारापाशी इजिप्तहून आणलेला काळ्या दगडाचा स्फिंक्स आहे. हे सगळं सकाळी सात वाजता बघा, दहानंतर गाइडच्या छत्र्यांमागून बघावं लागतं. जवळचं ट्रोगिर हे जुनं गाव इथून सिटी बसने होतं, अर्धा दिवस पुरे.

बॉस्नियातल्या मोस्तारला वाकडी वाट करावी लागते, पण करा. १५६६ चा पूल १९९३ च्या युद्धात तोफांनी पाडला, तो पुन्हा बांधून २००४ मध्ये खुला झाला. बॉस्नियाचं चलन वेगळं, कन्व्हर्टिबल मार्क. उरलेले मार्क सीमेच्या आतच संपवा. मॉन्टेनेग्रोत मात्र युरोच चालतो.

दुब्रोवनिक महाग आहे, यात दुमत नाही. तटबंदीवरून १,९४० मीटरची फेरी मारायचीच, आणि तिच्यासाठी सुटं तिकीट घेण्याआधी दुब्रोवनिक पासची किंमत तपासा. त्यात तटबंदीही येते आणि सिटी बसही. राहायला कोटाबाहेर खोली बघा.

मॉन्टेनेग्रोची सीमा उन्हाळ्यात वेळ खाते. सगळ्यांना खाली उतरून रांगेत उभं राहावं लागलं. त्या दिवशी पुढचं कुठलंही बुकिंग ठेवू नका.

कोटोरच्या किल्ल्याला साधारण १,३५० पायऱ्या आहेत. ऊन चढायच्या आत वर पोचा, पाणी बरोबर घ्या. पण मला सगळ्यात आवडलं ते जवळचं पेरास्त. समोरच्या खाडीत माणसांनी दगड टाकून तयार केलेलं बेट आहे. १४५२ मध्ये खलाशांना तिथल्या खडकावर मेरीचं चित्र सापडलं अशी कथा आहे, आणि आजही दर २२ जुलैला गावकरी होड्यांतून दगड नेऊन बेटाभोवती टाकतात. चर्चच्या संग्रहात एका बाईने केलेलं भरतकाम आहे. खलाशी प्रियकराची वाट बघत तिने ते पंचवीस वर्षं केलं, आणि देवदूतांच्या केसांसाठी स्वतःचे केस वापरले, असं तिथे सांगतात. जवळ जाऊन बघितलं तर काही केस गडद, काही पांढरे दिसतात. तिथे मी बराच वेळ उभी होते. होडी काठावरूनच मिळते, आधी बुक करायची गरज नाही.

परतीसाठी तिवतचा विमानतळ कोटोरला अगदी जवळ आहे. हिवाळ्यात तिथली उड्डाणं कमी होतात, तेव्हा मॉन्टेनेग्रोची राजधानी पोडगोरिकाहून तिकीट शोधा. कोटोरहून तिथे बसने दोन-अडीच तास लागतात.