साडेदहाला तिथे उजाडत असतं

२२ ऑगस्ट, रात्री १०.३०

ह्यूस्टनमध्ये साडेदहा वाजले की झिंबाब्वेत पहाटेचे साडेपाच होतात. ऑगस्ट लागला की हा हिशेब रोज रात्री डोक्यात चालू होतो, कारण रानरेड्याच्या मागावर मला एकदा तिथे जायचंय. तिथे आता कोरडा मोसम आहे. झांबेझीच्या खोऱ्यात गवत पिवळं पडलंय, मोपानेची पानं गळताहेत, लांबवर नजर पोचते. पाणवठे आटत आलेत, त्यामुळे जनावराला उरलेल्या पाण्यावर यावंच लागतं. आत्ता या घटकेला कुणीतरी वाकून ओल्या मातीत रानरेड्याचा रात्रीचा खूर बघत असेल. मी इथे सातव्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत.

टेक्सासमध्ये मी गेली अकरा वर्षं शिकार करतोय. रीतसर कोर्स केला, दर हंगामाला परवाना काढतो, मारलेलं हरीण घरी आणून खातो. पण इथली हरणाची शिकार बहुतेक बसून होते. लाकडी खोपट्यात बसायचं, समोरच्या पिंपातून ठरल्या वेळी मका सांडतो, हरीण येतं. मांस मिळतं, पण माग काढायचं काम नसतं, आणि मला तेच हवंय.

माग मला आजोबांनी शिकवला. यवतमाळकडचं आमचं गाव. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांची दुनळी खुंटीला लागली ती कायमची. माझा जन्म त्यानंतरचा. भारतात मी एकाही जनावरावर बार काढला नाही, आणि बंदी आली ते योग्यच झालं असं मला मनापासून वाटतं. रान फार उरलं नव्हतं. पण आजोबा मला पहाटे बांधावर न्यायचे. रानडुक्कर कुठून शिरलं, किती होती, पिल्लं होती का, हे मातीवरून सांगायला लावायचे. चिमूटभर माती बोटांतून सोडून वारा बघायचे. आफ्रिकेतले मागकाढे त्यासाठी राखेची पुरचुंडी जवळ ठेवतात, असं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

मागच्या जानेवारीत दक्षिण टेक्सासमध्ये रोही मारला. आमच्याकडे विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगायच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला इथे आणून सोडलं, आणि आता मेस्किटच्या काटेरी रानात ती मोकळी वाढते. बार लागला, पण नर पडला नाही. रोह्याचं कातडं जाड, रक्त फारसं सांडत नाही. अडीच तास मी खुरांवर चाललो. एके ठिकाणी ठसे दोन वाटांनी फुटले होते. उजवीकडच्या ठशाची कड अजून ढासळली नव्हती, वाळूचे कण ओले होते. तो ताजा. मी उजवीकडे गेलो आणि तीनशे पावलांवर तो सापडला. त्याच्या मानेवर हात ठेवून मी रडलो. घाव नीट बसला नव्हता, तो त्रास त्याने भोगला, याचं वाईट वाटलं. आणि आजोबांचं बोट मातीवर टेकलेलं दिसत होतं.

तेव्हापासून रानरेडा सुटत नाही. कळपातून वेगळे झालेले म्हातारे नर, चिखलात लोळून अंगावर खपल्या धरलेले, सहा-सातशे किलोंचे. त्यांच्या मागावर पायी जायचं. शेण गरम आहे का बघायचं. पाठीवरचे गोचीड टिपणारे पक्षी ओरडत उडाले की जागीच थिजायचं. जवळ पोचल्यावर पुन्हा बघायचं, दोन्ही शिंगांची बुडं कपाळावर मिळून टणक झालीत का. तिथे मऊ दिसलं तर तो तरणा, त्याला हात लावायचा नाही, परत फिरायचं. आठ दिवस असे परत फिरण्यात गेले तरी माझी तक्रार नसेल.

झांबेझीच्या खोऱ्यातल्या दांडे भागाचा नकाशा भिंतीवर लावलाय. तिथल्या शिकारीच्या पैशातला वाटा कँपफायर योजनेतून गावांना मिळतो, मांसही गावकरी नेतात. ज्यांची पिकं हत्ती आणि रेडे तुडवतात त्यांच्या पदरात काही पडतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं डोकं भिंतीवर टांगायला मी जाणार नाही.

पैसे जमायला अजून दोन वर्षं तरी लागतील. दहा दिवसांचा खर्च म्हणजे लेकीच्या कॉलेजची एका वर्षाची फी, आणि फी आधी. बायको परवा म्हणाली, "गुडघे शाबूत आहेत तोवर जाऊन ये रे." ती हे बोलली याचं मला किती बरं वाटलं, तिला सांगायचं राहिलं.

.३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) रायफल मात्र घेऊन ठेवलीय. १९१२ सालापासूनचं काडतूस. बऱ्याच ठिकाणी रानरेड्याला याहून हलकं चालत नाही. शनिवारी रेंजवर तीन काठ्यांच्या तिकाटण्यावरून उभ्याने वीस बार काढले. पन्नास यार्डांवर सतरा हाताच्या पंजात बसले. उरलेले तीन का गेले ते शोधतोय, बहुधा घोडा घाईने ओढतोय.

सव्वाअकरा झाले. तिथे ऊन पडायला आलं असेल. पहाटे पाचला बफेलो बायू या इथल्या ओढ्याच्या कडेने दहा किलो पाठीवर घेऊन चालायचंय. बूट दाराशी काढून ठेवलेत.