गेटवर भुंकणारा कुत्रा धाडसी असतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. फोनवर, लग्नाच्या मांडवात, गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात, प्रश्न साधारण असाच येतो : "आमचा जर्मन शेफर्ड आठ महिन्यांचा झाला. गेटपाशी कोणी आलं की अंगावरच जातो. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, तर रोज पळवून लावतो. याला प्रोटेक्शनचं ट्रेनिंग देऊया ना?" विचारणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं, आणि ते मला कळतं. पण माझं उत्तर बहुतेक वेळा "आत्ता नको" असतं, कधीकधी "कधीच नको".

पोदेराचंच घ्या. तो सायकलवरून भोंगा वाजवत येतो, पाव देतो आणि पुढच्या घरी जातो. कुत्रा भुंको न भुंको, तो जाणारच असतो. कुत्र्याच्या हिशेबात मात्र रोज सकाळी एक अनोळखी माणूस आला, आपण भुंकलो आणि तो पळाला. ही सवय पक्की व्हायला फार दिवस लागत नाहीत. आता त्याच कुत्र्याला पट्टा लावून परक्या रस्त्यावर न्या. एक माणूस समोर नुसता उभा राहू दे. त्याने हलायचं नाही, बोलायचं नाही आणि जायचंही नाही. मग कुत्र्याकडे पाहा. वजन मागच्या पायांवर गेलं का? शेपूट पोटाकडे वळली का? ओठांचे कोपरे मागे ताणले गेले का? आवाज चिरका होऊन तो मध्येच मागे वळून तुमच्याकडे पाहतो का? असं असेल, तर गेटवरची ती गर्जना भीतीची होती. मनाने घट्ट कुत्रा पुढच्या पायांवर उभा राहतो, जाडसर आवाजात भुंकतो, आणि समोरच्याने धोका दिला नाही तर थोड्या वेळाने गप्प होऊन वास घ्यायला लागतो. पाठीवरचे केस दोघांचेही उभे राहतात, म्हणून नुसत्या केसांवरून काही ठरवू नका.

कुत्रा दचकला, म्हणजे तो वाया गेला असं मी मानत नाही. सगळे दचकतात. मी पाहतो ते दचकल्यानंतर तो किती लवकर सावरतो ते. तरुण कुत्र्याच्या स्वभावाबद्दल एकच गोष्ट विचारायची झाली, तर मी हीच विचारीन.

यासाठी मला चोडण बेटाची फेरीबोट फार उपयोगी पडते. रायबंदरच्या धक्क्यावर बोटीचा लोखंडी रॅम्प आपटतो, साखळ्या खडखडतात, पायाखालचा पत्रा इंजिनाने थरथरत असतो आणि दोन्ही बाजूंनी स्कूटरी घुसतात. मॅलिनोआ जातीची एक मादी आठवते, जेमतेम दहा महिन्यांची. गेटवर ती फारशी भुंकायची नाही, म्हणून मालक खट्टू होते. रॅम्प आपटला तशी ती पोट टेकून बसली. दोन-चार श्वास गेले, कान पुढे आले, आणि ती स्वतः उठून त्या साखळीचा वास घ्यायला गेली. नदीच्या मध्यावर, त्या आवाजात, ती चेंडू मागत होती. दुसरा एक थोराड रॉटवायलर घरी सगळ्या वाड्याला धाकात ठेवायचा. त्याने रॅम्पवर पाऊल ठेवलं नाही. कसाबसा आत आणल्यावर पलीकडच्या काठापर्यंत तोंडातून लाळ गळत होती आणि नाकापुढे धरलेल्या चिकनकडे त्याने पाहिलंही नाही. खाणं सोडलेला कुत्रा आतून पुरता घाबरलेला असतो. अशाला "सवय होईल" म्हणत ओढत नेऊ नये. लांबून, धक्क्यावर बसून, त्याच्या कलाने सुरुवात करावी.

आता ड्राइव्हबद्दल, म्हणजे कुत्र्याच्या आतल्या ओढीबद्दल. लोक 'ड्राइव्ह' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना नुसता धिंगाणा अभिप्रेत असतो. मी प्रे ड्राइव्ह, म्हणजे पळत्या वस्तूमागे धावून ती पकडण्याची ओढ, गोणपाटाच्या तुकड्यावर पाहतो. दोरीला बांधून तो जमिनीवरून सरपटवायचा. धावतात बहुतेक सगळे. पकडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. चांगला कुत्रा तोंड भरून, दाढांपर्यंत पकडतो आणि शांत राहतो. पुढच्या दातांनी कुरतडणारा, गुरगुरत पुन्हापुन्हा पकड बदलणारा कुत्रा मनातून अस्वस्थ असतो. मग मी दोरी सोडतो. तो तुकडा मिरवत नेतो, की टाकून देतो? शेवटी तोच तुकडा काजूच्या झाडांखाली पाचोळ्यात फेकतो. दिसेनासा झाल्यावरही जो नाक खाली घालून शोधत राहतो, त्याची ओढ खरी.

डिफेन्स वेगळा. धोका जाणवल्यावर उलटून उभं राहण्याची ती वृत्ती, आणि ती उशिरा पिकते. पळत्या चिंधीची ओढ दीड-दोन महिन्यांच्या पिल्लातही दिसते, पण माणसाचा दबाव झेलण्याइतकं मन तयार व्हायला दीड-दोन वर्षं, काही कुत्र्यांना त्याहून जास्त लागतात. मधल्या वाढत्या वयात तर कालपर्यंत धीट असलेला कुत्रा अचानक कचऱ्याच्या पिशवीलाही बिचकतो. म्हणून अर्धवट वयाच्या कुत्र्याला संध्याकाळी साखळीला बांधून, अनोळखी माणसाकडून काठीने डिवचून 'कडक' करण्याचा जो प्रकार चालतो, त्याची मला चीड आहे. त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की माणूस वाईट असतो. पुढे तो चावतो, पण चोराला ओळखून चावत नाही. जो सगळ्यात जवळ असेल त्याला चावतो, आणि ते बहुधा घरातलं मूल असतं.

ज्यांनी ही विद्या उभी केली त्यांचा क्रम पाहा. जर्मन शेफर्डचा क्लब १८९९ मध्ये स्थापन झाला आणि संरक्षण-चाचणीची सुरुवात १९०१ मध्ये झाली. पैदाशीसाठी कोणता कुत्रा ठेवायचा ते ठरवायला ती होती, घरोघरी चावरे कुत्रे तयार करायला नव्हती. आजही आयजीपीच्या, म्हणजे त्याच चाचणीच्या आजच्या रूपाच्या, पहिल्या पातळीला बसायला कुत्रा १८ महिन्यांचा लागतो, आणि त्याआधी बीएच ही परीक्षा पास व्हावी लागते. तिच्यात कुत्रा वाहनांत, गर्दीत, सायकलवाल्यांजवळ शांत राहतो का ते बघतात. आधी शांतपणा, मग चावा. आपल्याकडे लोक नेमके उलट्या टोकाने सुरू करतात.

"मग पिल्लू घेतानाच टेस्ट करून घेऊ का?" असंही विचारतात. ४९व्या दिवशी घेतली जाणारी एक चाचणी प्रसिद्ध आहे. पिल्लू अगदीच बुजरं किंवा आजारी आहे का, हे तिच्यातून दिसतं, म्हणून ती करायला हरकत नाही. पण स्वीडनमध्ये आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या चाचण्या आणि त्याच कुत्र्यांचं मोठेपणीचं वागणं ताडून पाहिलं गेलं, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की कामाचा कुत्रा म्हणून कोण योग्य ठरेल हे त्या चाचणीवरून सांगता येत नाही. त्यापेक्षा पिल्लाची आई पाहा. तिला तिच्या आवाराबाहेर, परक्या जागी पाहायला मागा. विकणारा त्याला तयार नसेल, तर ते घर सोडा.

गोव्यात राहणाऱ्यांना आणखी एक सांगायला हवं. इथे गोचीड ताप फार. कुत्रा खेळात मन घालत नाही, लवकर दमतो, गोणपाट धरून लगेच सोडतो, म्हणून "याच्यात ड्राइव्ह नाही" असा शिक्का बसतो. रक्त तपासलं की प्लेटलेट उतरलेल्या निघतात. औषधांनी तोच कुत्रा बदलतो. तसंच मे महिन्यात सकाळी अकरा वाजता कुठलाच कुत्रा पारखू नये. चार ते सहा महिन्यांत दात बदलत असताना तर पकड पाहूच नये, हिरड्या दुखत असतात.

आणि पारखून झाल्यावर कुत्रा मनाने कच्चा निघाला तर? मालकांचा चेहरा पडतो. मी त्यांना विचारतो, तुम्हाला नेमकं काय हवंय? घराला राखण हवी असेल, तर कोणी आल्याची वर्दी देणारा आवाज पुरे आहे, आणि तो तर तुमच्याकडे आहेच. चावायला शिकवलेला कुत्रा सांभाळणं हे रोजचं काम आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे पाळलेल्या प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कच्च्या मनाच्या कुत्र्याला नव्या जागा दाखवा, नाकाची कामं द्या, बोलावल्यावर येणं पक्कं करा. चाव्याचं काम त्याला देऊ नका, कोणी कितीही कमी पैशांत करून देतो म्हटलं तरी.

तर तुमचा आठ महिन्यांचा शेफर्ड : आजपासून पोदेराच्या वेळेला त्याला गेटवर मोकळा सोडू नका, मागच्या अंगणात ठेवा. रक्त तपासून घ्या. मग एखाद्या दिवशी सकाळी सहाला, उपाशीपोटी, घेऊन या. गोणपाट माझ्याकडे आहे. फेरीबोटीवर आपण नंतर जाऊ.