तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचा बोल कोण ठरवतं?

नारायण पेठेतल्या माझ्या तबल्याच्या वर्गात मुलांना सोडायला येणारे पालक हमखास विचारतात, की इतक्या द्रुत लयीत पुढचा बोल, म्हणजे धा, ति, ना असे तबल्याचे अक्षर, हात ठरवतो की डोके?

बोल ओळीने पाठ असतात आणि एक वाजला की पुढचा आपोआप येतो, असा सर्वसाधारण समज आहे. कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यालाच आक्षेप घेतला. पियानोवर बोटे इतक्या झपाट्याने पडतात, की एका आघाताची जाणीव मेंदूपर्यंत जाऊन तिने पुढच्या आघाताला चालना द्यावी एवढा वेळच नसतो. तेव्हा क्रमाचा आराखडा आधीच तयार असला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. मला ते पूर्ण पटते, कारण तबल्यात हा आराखडा कानांना ऐकू येतो.

दिल्ली घराण्याचा प्रसिद्ध कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची नियमबद्ध रचना, घ्या: धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धी ना. कागदावर हे १६ बोल आहेत, पण ज्याच्या हातात कायदा बसला आहे त्याच्या मनात १६ वेगळ्या गोष्टी नसतात. तिथे भरीचा (डग्गा, म्हणजे डाव्या हाताचे वाद्य, घुमतो त्या भागाचा) एक तुकडा असतो आणि एक नियम: ९ व्या मात्रेला, म्हणजे ठोक्याला, डग्ग्याचा घुमार बंद (ही खाली), १३ व्या मात्रेला पुन्हा सुरू. उजव्या हाताला तर जवळजवळ तेच पुन्हा वाजवायचे असते. पलटे, म्हणजे कायद्याचेच बोल फिरवून केलेले प्रकार, करताना कायद्याबाहेरचा बोल घ्यायचा नाही आणि खाली-भरी मोडायची नाही, या बंधनांमुळे कोणत्याही क्षणी मोजकेच पर्याय उरतात, आणि वादक त्यांतूनच निवडतो.

हाताला स्वतःची स्मृती असतेच. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी अभ्यासलेल्या एका रुग्णाला आरशात पाहून ताऱ्याची आकृती रेखाटण्याचा सराव केल्याचे आठवतही नसे, तरी त्याची रेघ सुधारत गेली. बोलाचा निकास, म्हणजे तो वाद्यातून काढण्याची पद्धत, असाच हातात मुरतो. तो बोल केव्हा यावा, हे मात्र तालाची मांडणी ठरवते. नुसते पाठ केलेल्या मुलाला मध्येच थांबवले तर ते पुन्हा पहिल्या धा पासून सुरू करते. हाताने टाळी-खाली दाखवत पढंत केलेले, म्हणजे बोल तोंडाने म्हटलेले, मूल मात्रा मोजत राहते आणि खालीच्या मात्रेला येऊन मिळते.

म्हणून घरी मूल तबला बाजूला ठेवून, हाताने टाळी देत नुसते बोल म्हणताना दिसले, तर कृपया त्याला वाजवायला बसवू नका. त्याचा रियाजच चाललेला असतो.