बाल्टिमोर: गळक्या छपराचं दफ्तर

बाल्टिमोरला निघालं की लोक मत्स्यालय आणि खेकडे सांगतात. मला जुन्या पत्रांचं दफ्तर बघायचं होतं. उभी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. त्यामुळे अमेरिकेच्या सरकारी इमारती ज्याच्या गळ्यात पडल्या, तो वास्तुकार बेंजामिन हेन्री लॅट्रोब वरच्या साहेबांना काय काय लिहीत होता, याची उत्सुकता. "सुट्टीतही खातंच का, मावशी?" असं म्हणत भाच्याने वॉशिंग्टनला गाडीत बसवून दिलं.

पेन स्टेशनपासून चार्ल्स स्ट्रीटने सरळ चालत गेलं की माउंट व्हर्नन चौकात जॉर्ज वॉशिंग्टनचा संगमरवरी स्तंभ लागतो. तो वास्तुकार रॉबर्ट मिल्सचा. मिल्सचे गुरू म्हणजे हेच लॅट्रोब, आणि त्यांचे कागद तिथून जवळच, मेरीलँड सेंटर फॉर हिस्टरी अँड कल्चरमध्ये.

लॅट्रोब मूळचा इंग्लंडचा, यॉर्कशरचा. १७९६ साली तो अमेरिकेत आला. १८०३ मध्ये अध्यक्ष जेफरसनने त्याला सरकारी इमारतींचा सर्वेक्षक नेमलं आणि अर्धवट पडलेलं कॅपिटल, म्हणजे अमेरिकी संसदेची इमारत, त्याच्या हवाली केलं. फिलाडेल्फियातली त्याची बँक ऑफ पेनसिल्व्हेनिया कधीच पाडली गेली. कागद मात्र टिकले, आणि तेही ढिगाने. कारण गडी पॉलिग्राफ वापरायचा. दोन लेखण्या दांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या. एक हातात धरून लिहायचं, दुसरी शेजारच्या कागदावर तेच उमटवते. पत्र रवाना झालं तरी स्थळप्रत घरात. कंत्राटदार, खासदार आणि अध्यक्ष या तिघांशी एकाच वेळी पत्रव्यवहार असलेल्या माणसाला हे यंत्र का प्रिय असावं, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

वाचनकक्षाचा नियम: बॅग बाहेर, पेन बाहेर, फक्त पेन्सिल आत. पत्रं मायक्रोफिशवर, म्हणजे पानांची बारीक छायाचित्रं असलेल्या फिल्मवर वाचायची, त्यामुळे तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. पण मी उठले नाही, कारण छपराचं भांडण सुरू झालं होतं.

जेफरसनने पॅरिसच्या धान्यबाजाराचा घुमट पाहिला होता आणि त्यातल्या लांबच लांब काचपट्ट्यांवर तो फिदा होता. प्रतिनिधिगृहाच्या छपराला तशाच काचा हव्यात, असा त्याचा हट्ट. लॅट्रोबचं म्हणणं, गळेल, डोळ्यांवर तिरीप येईल. त्यापेक्षा वर उभ्या खिडक्यांचा कंदील बांधू. साहेब वास्तुकलेतला जाणकार, आणि जाणकार साहेब म्हणजे काय ताप असतो! काचाच बसल्या. त्या गळल्या. शिव्या खाल्ल्या लॅट्रोबने.

१८०८ मध्ये त्याहून वाईट घडलं. कॅपिटलमधल्या न्यायालयाच्या दालनाची कमान कोसळली आणि कामावरचा त्याचा उजवा हात जॉन लेंथॉल तिच्याखाली गेला. सेंटरिंग, म्हणजे कमान पक्की होईपर्यंत तिला खालून दिलेला आधार, घाईने काढलं होतं. सेंटरिंग! हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

१८१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी कॅपिटल जाळलं. दुरुस्तीला परत बोलावलेला लॅट्रोब पुढच्या वर्षी जेफरसनला कळवतो की आगीत छपराची काच वितळली आणि तिचे कित्येक पौंड वजनाचे गोळे आपल्याजवळ आहेत. ज्या काचांना आपला विरोध होता, त्यांचेच गोळे! हे वाचून मी एकटीच हसले. शेजारचे गृहस्थ दचकले.

त्याच्या चित्रवह्यांतलं एक जलरंगचित्र हसू देत नाही. १७९८, फ्रेडरिक्सबर्गजवळचं शेत. दोन गुलाम बायका कुदळीने ढेकळं फोडताहेत, गोरा मुकादम नुसता उभा. खाली मथळा, कर्तव्य बजावणारा मुकादम. मथळा बोचरा आहे खरा. पण याच माणसाच्या कॅपिटलवर मालकांकडून भाड्याने घेतलेले गुलाम राबत होते.

दुपारी चालत बॅसिलिकात गेले, म्हणजे लॅट्रोबनेच आखलेल्या इथल्या मोठ्या कॅथलिक चर्चमध्ये. तेव्हाचे इथले बिशप कॅरल यांना लॅट्रोबने दोन आराखडे दिले होते, एक गॉथिक, एक रोमन. त्यांनी रोमन निवडला. घुमट दुहेरी आहे. बाहेरच्या कवचात २४ काचा, आतल्या कवचाला मधोमध गोल मोकळी जागा. खाली उभं राहिलं की उजेड भरपूर, काच एकही दिसत नाही, तिरीप नाही. कॅपिटलमध्ये साहेबापुढे चाललं नाही, ते इथे करून दाखवलंय, असं माझं मत. दुसऱ्या महायुद्धात या काचा झाकल्या गेल्या होत्या. २००६ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात त्या परत आल्या.

त्याने स्वतः हे पूर्ण झालेलं पाहिलं नाही. दिवाळं निघालेल्या अवस्थेत न्यू ऑर्लीन्सच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना १८२० मध्ये तो पीतज्वराने गेला. थोरला मुलगा तिथेच, त्याच कामावर, त्याच तापाने आधी गेलेला. बॅसिलिका १८२१ मध्ये उघडली.

जाणार असाल तर दफ्तराची वेळ आधी ठरवून घ्या, आणि क्रम हाच ठेवा: सकाळी पत्रं, दुपारी घुमट. कॅपिटलमधले त्याचे मक्याच्या कणसांचे खांब वॉशिंग्टनला परतल्यावर बघता येतात. मोठमोठ्या कामांपेक्षा खासदारांनी वाहवा केली ती या कणसांची, असं त्यानेच जेफरसनला कळवलं होतं.