दारातला मसावि

चेन्नईत मैलापूरला भाड्याने राहायचे तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मामी उजाडायच्या आत दार झाडून, सडा घालून कोलम काढायच्या, तेही गुडघे न वाकवता, नुसत्या कमरेतून वाकून. मला आधी वाटलं आपली ठिपक्यांची रांगोळीच की ही! पण आपण ठिपके जोडतो, आणि त्यांच्या सिक्कु कोलममध्ये रेघ पुळ्ळीला म्हणजे ठिपक्याला शिवतच नाही, वळसे घेत घेत सगळ्यांना वेढते आणि निघाली तिथेच परत येते.

मी वहीत ४ बाय ४ ठिपक्यांचा करून बघितला तर रेघ लगेच परत आली आणि बरीच जाळी कोरीच. मामी म्हणाल्या, ३ बाय ४ घे. एका रेघेत झाला! मग कळलं, सरळ जाळीत शेजारच्या प्रत्येक दोन ठिपक्यांमध्ये रेघांची फुली पडू दिली तर जितका दोन आकड्यांचा मसावि (शाळेतला महत्तम सामाईक विभाजक) तितक्याच रेघा लागतात. ४ आणि ६ ला दोन, ५ आणि ७ ला एकच. मामींना मसावि शब्द माहीत नव्हता, पण कुठली जोडी एका रेघेत बसते ते तोंडपाठ होतं. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमवरून चित्रांच्या व्याकरणाचा, म्हणजे नियमांनी चित्र घडवण्याचा पेपर लिहिला, कम्प्युटर सायन्सवाला. आणि आपण याला घरकाम म्हणतो, याचा मला खरंच राग येतो.

रोज पहाटे उठायचं ते बाईनेच, हेही मला पटत नाही. मामींना विचारलं तर म्हणाल्या, एवढा वेळ मला कोणी हाक मारत नाही गं. आणि हीच दारातली जागा, २०१९ च्या डिसेंबरमध्ये बेसंट नगरला बायकांनी सीएएविरुद्ध (नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध) कोलम काढले तर पोलिसांनी काही जणांना ताब्यात घेतलं.

मामींचा कोलम तांदळाच्या पिठाचा, दगडाच्या पावडरीचा नाही (ती हल्ली तिकडेही सर्रास मिळते). दहापर्यंत अर्धा मुंग्यांनी नेलेला असायचा, चिमण्याही टिपायच्या, आणि मामींना ते हवंच असायचं. आपल्याकडे शिरगोळ्याची, म्हणजे दगडाचीच रांगोळी, ती मुंग्यांच्या काय कामाची?

आता पुण्यात मी पीठच घेते. आज ५ बाय ७ काढला, एका जागी फुली चुकली म्हणून दोन रेघा झाल्या. मुंग्या दुपारी आल्या.