शेंड्या, टॉवेल आणि मी

घरात आल्यापासून एकोणीस तास त्याने एक दाणा तोंडात घेतला नाही. मी घड्याळ लावून बसलो होतो, म्हणून आकडा पक्का आठवतो.

पोपट आणलाय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बोलतो का?" आमचा बोलत नव्हता, शीळ घालत नव्हता, खरं तर हलतही नव्हता. सगळ्यात उंच दांडीवर, मागच्या कोपऱ्यात, पिसं अंगाला इतकी घट्ट चिकटवून बसला होता की आणला त्यापेक्षा निम्माच वाटत होता. डोक्यावरचा तुरा मात्र बाणासारखा ताठ. जात कॉकटिएल. मूळचा ऑस्ट्रेलियातला, काकाकुवांच्या कुळातला सगळ्यात लहान पक्षी. राखाडी अंग, गालावर लाली फासल्यासारखा केशरी ठिपका. मुलाने त्याचं नाव किवी ठेवलं होतं. आईने पहिल्याच दिवशी "काय ती शेंडी!" म्हटलं आणि किवीचा शेंड्या झाला.

तो तेव्हा सहा महिन्यांचा होता. माणसाने हाताने भरवून वाढवलेला नव्हे, मोठ्या जाळीत आईबापांनी वाढवलेला. म्हणजे माणसाचा हात ही वस्तू त्याने आयुष्यात जवळून एकदाच पाहिली होती, आणि त्या हातात जाळं होतं. विकणाऱ्याने त्याला खोक्यात घालून माझ्याकडे देताना सांगितलं, "आठवड्यात खांद्यावर बसेल." मी विश्वास ठेवला. माझ्या पुढच्या बहुतेक चुका या एका वाक्यातून निघाल्या.

पहिली चूक जागेची. त्याला आपली सवय व्हावी म्हणून पिंजरा बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवला. चारही बाजूंनी माणसं. पोपट हा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, नजर जवळजवळ चौफेर, आणि त्या चौफेर नजरेने त्याला चारही दिशांवर पहारा द्यावा लागत होता. दुसऱ्या दिवशी पिंजरा कोपऱ्यात, दोन भिंतींना टेकवून ठेवला, वरून अर्ध्या भागावर चादर टाकली. तासाभरात त्याने एक पाय पिसांत ओढून घेतला. पक्ष्याने एका पायावर उभं राहणं म्हणजे आपण चप्पल काढून बसण्यासारखं. (स्वयंपाकघर पहिल्यापासूनच बाद होतं. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. तसली भांडी मी घरातूनच काढली. सुगंधी मेणबत्त्याही.)

खाण्याचं कळलं ते पाण्यावरून. वाटी भरलेलीच दिसत होती, पण पाण्यावर दोन रिकामी टरफलं तरंगत होती. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि टरफल तिथेच टाकतात. त्यामुळे वाटी भरलेली दिसली तरी आत नुसता कोंडा असू शकतो. तेव्हापासून रोज सकाळी वाटीवर फुंकर मारून बघायची सवय लागली. त्या दिवसांत वजन करणं शक्यच नव्हतं, म्हणून खालच्या कागदावरची शी मोजायची. आजारी पक्षी आजार लपवतो, शी लपवत नाही.

आता माझी खरी तक्रार. मी गोड आवाजात बोलत होतो, दाणे दाखवत होतो, पिंजऱ्याशी तोंड नेऊन शीळ घालत होतो, आणि तो फिसकारत होता. सापासारखं, "हिस्स". आई काहीच करत नव्हती. सकाळी पिंजऱ्यापासून सहा-सात फुटांवर खुर्चीत आडवी बसायची, पेपर वाचायची, मधूनच एखादी बातमी मोठ्याने वाचून तिच्यावर शेरा मारायची. चौथ्या दिवशी शेंड्या मागचा कोपरा सोडून आईच्या बाजूच्या दांडीवर येऊन बसला. आईने मान वर करून पाहिलंही नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू?

त्या रागात मी ती गोष्ट केली. कोणीतरी ठासून सांगितलं होतं की हात पिंजऱ्यात घालायचा आणि पक्षी दमेपर्यंत काढायचा नाही, दमला की आपोआप बोटावर येतो. सहाव्या दिवशी मी हात घातला. तो सळयांवर आपटला, एकदा, दोनदा, मग मोजणं सुटलं. शेपटीची दोन पिसं गळाली. शेवटी तो तळाशी चोच उघडी टाकून धापा टाकत उभा राहिला आणि माझं बोट छातीला लागलं तरी हलला नाही. मला वाटलं, जमलं! आई दारातून म्हणाली, "जमलं नाही रे, त्याने आशा सोडलीय."

त्या संध्याकाळी तो आईवरही फिसकारला.

यानंतर मी त्याला जिंकायचं डोक्यातून काढलं आणि त्याचा तुरा वाचायला बसलो. कॉकटिएलचा तुरा म्हणजे बाहेरून दिसणारं मन. ताठ उभा आणि टोकाला किंचित पुढे झुकलेला असेल तर दचकलाय. डोक्याला चापून बसलेला आणि चोच उघडी असेल तर जवळ आलात की चावा पक्का. अर्धवट मागे कललेला, टोक जरासं वर वळलेलं असेल तर निवांत. मी जमिनीवर बसलो आणि फरश्या मोजल्या. पाचव्या फरशीवर बसलो तर तुरा अर्धवट. चौथीवर सरकलो की ताठ. म्हणजे आमची सीमा चौथी फरशी.

मग रोज हेच. चौथ्या फरशीच्या कडेला, त्याच्याकडे खांदा करून बसायचं, रोखून बघायचं नाही. दोन्ही डोळे समोर रोखून बघतात ते शिकारी. तुरा जरा खाली आला, त्याने पीस झटकलं किंवा चोचीने पंख साफ केला, की मी उठून मागे जायचो. लोकांना हे उलटं वाटतं. पक्षी शांत झाला तर पुढे सरकावं ना? पण त्या वेळी त्याला माझ्याकडून हवी असलेली एकच गोष्ट होती, मी जाणं. तीच मी त्याला बक्षीस म्हणून देत होतो. आपण शांत राहिलो की हा माणूस जातो, आपण सांगितलेलं याला कळतं, एवढं त्याच्या लक्षात आलं आणि फरश्या भराभर संपायला लागल्या. भराभर म्हणजे अकरा दिवसांत चार.

वाटीतून राळं मी पूर्ण काढून टाकलं. राळ्याचं कणीस हा या पक्ष्यांचा जीव की प्राण, आणि ते आता फक्त माझ्या हातून मिळणार होतं. आधी कणीस सळीला अडकवून मी दूर. मग एक टोक सळीत, दुसरं माझ्या चिमटीत. ज्या दिवशी त्याने खाल्लं तेव्हा आमच्यात लांबच लांब कणसाचं अंतर होतं. त्याने आधी मान वाकडी करून एका डोळ्याने माझा अंगठा तपासला. मग दुसऱ्या डोळ्याने. पाय न हलवता फक्त मान लांबवली, इतकी की मला वाटलं, पडेल आता. चोचीची टोकं कणसावर लागली आणि त्याची थरथर कणसातून माझ्या चिमटीत आली. एक दाणा. लगेच मागे. टरफल गळून पडलं. पुन्हा मान लांब. मी श्वास रोखून धरलेला, आणि नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटली.

पुढचे काही दिवस आईलाही कामाला लावलं. आफ्रिकन ग्रे जातीच्या ॲलेक्स या पोपटावर आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून तीस वर्षं काम केलं. त्यांच्या पद्धतीत पोपटासमोर दोन माणसं एकमेकांशी देवघेव करतात आणि पोपट बघून शिकतो. शेंड्याला शब्द शिकवायची मला हौस नव्हती, पण युक्ती उचलली. मी आईला कणीस द्यायचो, आई "वा!" म्हणून परत द्यायची. तिसऱ्या दिवशी तो सळीपाशी येऊन ओरडायला लागला. आपला हिस्सा राहिलाय म्हणून.

सगळं रुळावर येतंय असं वाटत असताना, दुसऱ्या महिन्यात, रात्री दोनच्या सुमारास पिंजऱ्यात भांडी कोसळल्यासारखा आवाज झाला. अंधारात बुजून धडपडणं हे कॉकटिएलमध्ये नेहमीचं असतं. बाहेरून एखादा झोत येतो, काही सळसळतं, आणि झोपेतला पक्षी दिसत नसताना उडतो. दिवा लावला तर पंखावर आणि भिंतीवर रक्त. कोवळं, वाढतं पीस मोडलं होतं. अशा पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं, म्हणून मोडलं की ते वाहतं. मी टॉवेल टाकून त्याला धरलं, जखमेवर कॉर्नफ्लॉवर दाबलं. रक्त थांबलं. सकाळी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे. तिथे पुन्हा टॉवेल. डॉक्टरांनी सांगितलं, धरलंत ठीक, पण छाती कधी दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती पुढेमागे हलली तरच श्वास, छाती आवळली तर गुदमरतो.

त्या रात्रीपासून एक मंद दिवा कायम चालू असतो. पुन्हा तसं झालेलं नाही. टॉवेलशी मात्र त्याचं कायमचं वैर जडलं. आणि आम्ही? आम्ही परत तिसऱ्या फरशीवर. मी तर हबकलोच होतो. पण या वेळी तिसऱ्यावरून पहिल्यावर यायला चारच दिवस लागले.

पंख छाटून घ्या, लवकर माणसाळेल, असंही सांगणारे भेटले. नाही छाटले. ज्याला पळून जाता येत नाही तो जवळ आला यात काय अर्थ?

बाहेर काढण्याचं काम एका लांब लाकडी काडीने केलं. काडीचं टोक दाखवायचं, त्याने चोच लावली की एक दाणा. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी, आणि तो कंटाळायच्या आत थांबायचं. थोड्या दिवसांत काडी जिथे, शेंड्या तिथे. एका दुपारी पंखा बंद, खिडक्यांना पडदे, आरशावर चादर असा बंदोबस्त करून दार उघडलं आणि काडी दाराबाहेर धरली. तो आपल्या पायांनी बाहेर आला, पिंजऱ्याच्या छतावर चढला आणि तिथून थेट पडद्याच्या दांडीवर. तिथे दोन तास. मुलगा खुर्ची घेऊन निघाला होता, त्याला मी अडवलं. पाठलाग केला असता तर फरश्यांचा सगळा हिशेब पाण्यात. अंधारून आलं, पोटात कावळे ओरडले, तेव्हा हातातली दांडी त्याच्या पायांशी धरली आणि वर कणीस. तो चढला. त्याच दांडीवरून पुढे मनगटावर आला, एक पाय माझ्यावर, एक पाय लाकडावर, असं बराच वेळ. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर छोटा ओंडका ठेवून त्याचं वजनही आता त्याच्या मर्जीने होतं. कालचं ८९ ग्रॅम.

पाचव्या महिन्यात पिसं झडायला लागली. डोक्यावर नव्या पिसांचे काटे आले. हे काटे पांढऱ्या कोषात असतात आणि अंगावरचे कोष पक्षी स्वतः चोचीने फोडतो, पण डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. कळपात ते काम जोडीदार करतो. एका संध्याकाळी मी आईसारखा आडवा बसून पेपर वाचत होतो. तो माझ्या गुडघ्यावर होता. त्याने मान खाली घातली आणि तशीच ठेवली. मला आधी कळलंच नाही. वाटलं, पेपर कुरतडायचा बेत आहे. मग तुरा सपाट पण सैल दिसला, डोळे अर्धे मिटलेले. मी एक नख पुढे केलं. वाळलेला कोष दोन नखांत हलकेच चुरला की पांढरी पूड पडते आणि आतून पीस उलगडतं. चार कोष नीट झाले. पाचवा अजून कोवळा होता, तिथे तो "क्यँक" म्हणून ओरडला, मी हात मागे घेतला. त्याने मान पुन्हा खाली घातली.

झोपताना तो आता चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासून किर्र किर्र असा बारीक आवाज करतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही बिघडलंय असं वाटून मी उठलो होतो. तो निव्वळ समाधानाचा आवाज आहे.

शीळ आईकडून शिकला. माझ्याकडून काहीच नाही. नवा माणूस घरात आला की अजूनही सगळ्यात उंच दांडी गाठतो, आणि मी पाहुण्यांना चौथी फरशी दाखवतो. परवा डोकं धुऊन, टॉवेल केसांना गुंडाळून, विसरून खोलीत गेलो. तुरा ताठ, "हिस्स". निमूट मागे फिरलो आणि डोकं बाथरूममध्येच कोरडं केलं.